हाताचे पैसे कायचे?

“लोकरीचे पैसे घ्या ना ताई. हाताचे पैसे कायचे? तुमचं तं बसल्या बसल्या होते!”

मोर्शीत विणकाम करून चार वस्तू विकणाऱ्या बाईला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. बोलणारी माणसं वाईट नसतात. बरेचदा बोलणारीही बाईच असते. पण बाईच्या श्रमाबद्दल आपला समाज काय समजतो, ते सगळं या एका वाक्यात आलेलं आहे. लोकरीला किंमत आहे, कारण ती दुकानातून येते. सुयांना किंमत आहे, बटणांना किंमत आहे. हात तेवढे फुकट, कारण ते बाईचे आहेत. या फुकट हातांबद्दल मला भांडायचं आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी बाई आहे आणि मला विणायला मनापासून आवडतं. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की चळवळीतल्या काही मैत्रिणी नाक मुरडतात. विणकाम, भरतकाम म्हणजे बाईला चार भिंतींत गुंतवून ठेवायची युक्ती, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं नाही. लग्नात रुखवत मांडलं जातं तेव्हा क्रोशाचे रुमाल आणि लोकरीची तोरणं पाहून “मुलगी हाताची चांगली आहे” असा निकाल देतात, तो मुलीच्या बुद्धीबद्दल नसतो. ती घरात किती निमूट राबेल याचा तो अंदाज असतो. तरीही मला विणणं सोडायचं नाही. सुलट-उलट टाक्यांतून नक्षी उमटते, त्यात डोकं लागतं, गणित लागतं आणि आनंदही मिळतो. माझं भांडण सुयांशी नाही, त्या कामाला दिल्या जाणाऱ्या नावांशी आहे.

मागच्या दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात तशी मीही एक वही घातली आणि पुढच्या पाडव्यापर्यंत विणकामाचा तासांसकट हिशोब ठेवला. घरासाठी सासऱ्यांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर ६० तास, नवऱ्याचा बिनबाह्यांचा ३५, लेकीचा ३०, दोन मफलर २५ आणि भाचीच्या बाळाचा बाळंतविडा १८, असे १६८ तास झाले. विकण्यासाठी बाळाचे ९ संच, म्हणजे स्वेटर, टोपडं आणि मोजे; एकेकाला १६ तास धरून १४४ तास. मेळघाटातल्या बाळांना वाटण्यासाठी ४० टोप्या; एकेकीला ३ तास धरून १२० तास. एकूण ४३२ तास. आठ तासांचा दिवस धरला तर पूर्ण ५४ दिवस. नोकरी, घर, आजारपणं, पाहुणे हे सगळं सांभाळून केलेले.

या ५४ दिवसांना लोक तीन नावं देतात. घरच्यांसाठी विणलं ती माया. विकलं तो हातखर्च. वाटलं ती सेवा. तिन्ही नावं ऐकायला गोड आहेत. पण तिन्हींत ‘काम’ हा शब्द कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

आधी माया. सासऱ्यांच्या स्वेटरचं बिल मला नको आहे. प्रेमाचं बिल होत नाही, हे मलाही कळतं. पण “फावल्या वेळात विणला” असं जेव्हा कौतुकानं सांगितलं जातं, तेव्हा तो फावला वेळ आला कुठून, हे विचारायलाच हवं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या सगळ्यांची मोजणी झाली. दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१ हून जास्त निघाल्या आणि पुरुष सुमारे २७. या बायकांचे घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेले, या पुरुषांचे ८८ मिनिटं. मग फावला वेळ नेमका कुणाकडे आहे? आणि तो ज्यांच्याकडे आहे, त्यांचे स्वेटर विणतं कोण?

आणखी एक गोष्ट. बाई रिकाम्या हातानं बसली तर ती आळशी ठरते. हातात सुया असल्या की तिला बसायची परवानगी मिळते. पानठेल्यावर तासभर उभ्या असलेल्या पुरुषाला अशी परवानगी लागत नाही. आपल्यापैकी कितीजणी विश्रांती म्हणून विणतात, आणि कितीजणी विश्रांती घेतेय हे दिसू नये म्हणून विणतात, याचा प्रत्येकीनं विचार करावा.

हे काम मुळातच बायकी, असं कुणी म्हणेल तर तेही खोटं आहे. सोळाव्या शतकातल्या युरोपात मोजे आणि टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. पेरू देशातल्या टाकीले बेटावर टोप्या पुरुषच विणतात. आपल्याकडचं पाहा. मागावर बसतो तो विणकर. त्याच्यासाठी कांड्या भरते ती त्याची बायको. तिच्या कामाला धंद्याचं नाव नाही. म्हणजे पुरुषानं धागा हातात घेतला तर तो व्यवसाय होतो आणि बाईनं घेतला तर ती हौस होते.

आता हातखर्च. आमचा वऱ्हाड कापसाचा आणि मोर्शी-वरुड हा पट्टा संत्र्याचा. सीतादही करून कापसाच्या वेचणीला सुरुवात होते आणि वेचणाऱ्या बाईला किलोमागे दर मिळतो. तो कमी असतो, त्यासाठी दर हंगामात तिला भांडावं लागतं. पण “तुमचं तं उभ्या उभ्या होते” असं म्हणून तिचा दर कुणी शून्य करत नाही. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर लागतं आणि तिला पुरुषाच्याच दरानं मजुरी मिळते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात ही मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती.

माझी वही काय सांगते? बाळाचा संच मोर्शीतल्या चालू भावानं ५०० रुपयांना गेला. लोकर, बटणं, रिबिनी यांचे १७० वजा करा. उरले ३३०. भागिले १६ तास. तासाला २० रुपयांच्या थोडे वर. आठ तासांच्या दिवसाला १६५ रुपये, म्हणजे माती उचलण्याच्या मजुरीच्या जवळपास निम्मे. अनेक वर्षांच्या सरावानं हातात आलेल्या कारागिरीची ही किंमत.

माझ्या घरात पगार येतो. माझं या १६५ रुपयांवाचून अडत नाही. पण कामानिमित्त माझी ज्या एकल बायकांशी भेट होते, त्यांच्यातल्या एकीचं अडतं. नवरा गेल्यावर शेती दिरांकडे गेली आणि लहान मुलांमुळे तिला लांब मजुरीला जाता येत नाही. ती उत्तम विणते. तिनं ६५० सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, “काहून वो बाई, त्या नोकरीवाल्या घरच्या बाया तं पाचशातच देतात!” हे ऐकल्यावर ‘हौस’ हा शब्द मला निरुपद्रवी वाटेनासा झाला. ज्या बाईला पैशाची गरज नाही, ती हौसेनं स्वस्त विकते. त्यातून बाजाराचा भाव ठरतो. मग जिचं पोट त्यावर आहे, तिला त्याच भावात विकावं लागतं. हौसेची किंमत हौस करणारी मोजत नाही, ती दुसरीच बाई मोजते.

हे फक्त मोर्शीत घडतं असं नाही. आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात बायका क्रोशानं लेस विणतात. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. या बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणायच्या. त्यांची लेस परदेशात जायची, तिच्यावर व्यापारी श्रीमंत झाले. पण विणणाऱ्या बायका कामगार समजल्या गेल्या नाहीत. त्या ‘घरी बसलेल्या गृहिणी’ होत्या आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग होता! घराबाहेर पडावं लागत नाही म्हणून काम इभ्रतीचं आणि इभ्रतीचं म्हणून स्वस्त. आपल्याकडच्या ‘घरंदाज’ बायकांनी हे ओळखीचं वाटतं का ते स्वतःला विचारावं. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखंच वागवावं असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली केला. आपल्या देशानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

यावर मला हमखास विचारलं जातं की भाव वाढवला तर घेणार कोण? थंडीच्या बाजारात यंत्रावरचा स्वेटर अडीचशेला मिळतो. मिळू द्या. मोजे विणायचं यंत्र १५८९ साली इंग्लंडात निघालं, तेव्हापासून हात आणि यंत्र यांची शर्यत सुरूच आहे आणि भावात हात कधीच जिंकणार नाही. ज्याला यंत्राचा हवा त्यानं यंत्राचा घ्यावा. पण ज्याला हाताचा हवा, मऊ हवा, बाळाच्या मापाचा हवा, त्यानं हाताचे पैसे द्यावेत. वस्तू कमी खपल्या तर कमी विणू. दुसरा आक्षेप असा की तुम्हाला त्यात आनंद मिळतो, मग पैसे कशाला? गवयाला गाण्यात आनंद मिळतो म्हणून त्याची बिदागी कुणी कापत नाही. डॉक्टरला रोगी बरा झाल्याचा आनंद होतो, तरी तो फी घेतो. आनंद झाला म्हणून मजुरी बुडवायची हा नियम फक्त बाईसाठीच का?

राहिली सेवा. इथं मला जरा जपून बोलायचं आहे, कारण गरज खरी आहे. मेळघाटात हिवाळा कडक असतो आणि कमी वजनाच्या बाळाला ऊब मिळाली नाही तर ते जिवानिशी जाऊ शकतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बाळाला उबेत ठेवणं हा त्या काळजीचाच एक भाग होता. त्यामुळे टोप्या विणायच्याच. प्रश्न आहे तो हिशोबाचा.

वाटपाच्या एका कार्यक्रमाचा जमाखर्च मी पाहिला. मांडववाल्याचे पैसे होते, बॅनरचे होते, गाडीच्या डिझेलचे होते, फोटोवाल्याचे आणि चहा-नाश्त्याचेही होते. लोकर देणाऱ्या दुकानदाराचं नाव ‘देणगीदार’ म्हणून मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. विणणाऱ्या बायकांसाठी एकच ओळ होती, “महिला मंडळाचे सहकार्य लाभले.” दुकानदारानं लोकर दिली तर तो दाता. बाईनं १२० तास दिले तर ती सहकार्य. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यांनी दिलेलं सोनं तोळ्यांत मोजलं गेलं, पण त्यांचे तास कशात मोजायचे हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला का?

जे मोजलं जात नाही ते दिलं असंही धरलं जात नाही. म्हणून दानाचे तासही लिहायलाच हवेत. मला त्याचे पैसे नकोत, पण दाता म्हणून माझं नाव हवं. दाता म्हणून नाव आलं की टोप्या कुठे जाणार, कुणाला मिळणार, त्यापेक्षा तिथल्या कोरकू बायांनाच लोकर आणि मजुरी देऊन हे काम का करू नये, हे विचारायचा हक्कही येतो. नुसत्या ‘सहकार्या’ला असा हक्क नसतो.

असं घडलेलं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पापड लाटणं हेही तोवर ‘बसल्या बसल्या’ होणारंच काम होतं. त्या स्वतः मालक झाल्या, हिशोब स्वतःकडे ठेवला, म्हणून ‘लिज्जत’ उभी राहिली. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि ‘नुसता स्वैपाक’ करणाऱ्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला महदंबेनं धवळे रचले. लग्नात गायची गाणी म्हणजे बायकांचं नेहमीचंच काम. पण ते तिच्या नावानं लिहून ठेवलं गेलं, म्हणून आज ती मराठीतली आद्य कवयित्री आहे. लिहून ठेवण्यानं फरक पडतो.

म्हणून मैत्रिणींनो, माझं म्हणणं साधं आहे. विणायचं असेल तर जरूर विणा, पण शेजारी वही ठेवा आणि तास लिहा. विकताना लोकरीचे पैसे वेगळे आणि हाताचे वेगळे सांगा. रोजगार हमीचा दर हा आपला कमीत कमी दर धरा. आम्ही मोर्शीतल्या सहाजणींनी यंदा बाळाचा संच ८०० रुपयांच्या खाली द्यायचा नाही असं ठरवलं आहे. १६ तासांचे तासाला ३९ प्रमाणे ६२४ आणि सामानाचे १७०, म्हणजे जवळपास तेवढेच. ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी तर मुळीच स्वस्तात विकू नये. मायेनं द्यायचं तर पूर्ण फुकट द्या, पण बाजारात बसलात तर बाजारभाव पाडू नका. दान देताना तास लिहून द्या आणि नाव मागा. आणि घरातल्या मुलग्यांना दोन सुया आणि चार टाके शिकवा. सोळा तास मान मोडून बसल्याशिवाय हाताचे पैसे कायचे ते त्यांना कळायचं नाही.

तुमच्या गावात काय भाव चालतो आणि तो कोण ठरवतं, ते आम्हाला अवश्य कळवा.