टक्केवारीत अडकलेली तळटीप

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जात निर्माण कशी झाली, हा त्याचा विषय. पण स्वतःचं मत मांडण्याआधी त्यांनी चार अभ्यासकांना वाचकासमोर आणलं: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाने केलेली जातीची व्याख्या आधी नीट मांडली आणि मग ती तपासली. नेसफिल्ड यांनी परिणामालाच कारण समजण्याची गल्लत केली, हे दाखवून दिलं. केतकरांचं मोकळेपणाने कौतुक केलं आणि लगेच त्यांच्याशी वादही घातला. केतकरांनी 1909च्या पुस्तकात जातीची दोन लक्षणं सांगितली होती: जातीत जन्मलेल्यालाच तिचं सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकरांनी दाखवलं की ही दोन लक्षणं नाहीतच. लग्नं जातीच्या आतच व्हायची म्हटल्यावर सदस्यत्व आपसूकच जन्मावर ठरतं. त्यांचा स्वतःचा सिद्धांत इथूनच पुढे सुरू होतो.

संदर्भ द्यायचा तो यासाठी. आधीच्या माणसाचं म्हणणं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे वाचकाला स्वच्छ दिसावं, आणि वाटलं तर त्याने मूळ पुस्तक उघडून आपल्याला खोटं पाडावं.

आज महाराष्ट्रातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला संदर्भ म्हटलं की आधी आठवते ती टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीने साम्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही; 10 ते 40 टक्के साम्य आढळलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा; 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई; 60च्या वर नोंदणीच रद्द. उघड उचलेगिरीला यामुळे धाक बसला, आणि तो हवाच होता. पण हे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळतात का ते पाहतं. दुसऱ्याचा आख्खा युक्तिवाद शब्द बदलून उतरवला की तो सहज निसटतो. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणलं, तर बहुतेकदा यंत्राला पत्ताही लागत नाही. मग प्रबंध सादर करण्याआधीचे महिने वाचण्यात जायचे ते वाक्यांची उलटापालट करण्यात जातात. चोरी विचाराची होते आणि मोजणी शब्दांची, ही या नियमावलीची मोठी उणीव आहे.

संदर्भातली साधी वर्षाची नोंदसुद्धा किती महत्त्वाची असते, हे आंबेडकरांच्या त्याच निबंधावरून कळतं. तो आज बहुतेकांना भेटतो महाराष्ट्र शासनाने काढलेल्या, वसंत मून यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात. खंड 1979चा. म्हणून विद्यार्थी कंसात ‘आंबेडकर, 1979’ असं लिहून मोकळा होतो. म्हणजे आंबेडकरांच्या निधनानंतर 23 वर्षांनी! शेजारीच ‘श्रीनिवास, 1952’ असतं, कारण एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची कल्पना कूर्ग समाजावरच्या त्या वर्षीच्या पुस्तकातून पुढे आली. वरच्या जातींच्या चालीरीती उचलून खालची जात वर सरकू पाहते, ही ती कल्पना. आंबेडकरांनी आपल्या निबंधात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा आधार घेऊन, ब्राह्मणांचं अनुकरण करत जातीची बंदिस्ती इतरांत कशी पसरली, ते सांगितलं होतं. दोन्ही मांडण्या एक नव्हेत. एक जातीच्या प्रसाराची आहे, दुसरी जातीच्या चढणीची. तरीही अनुकरणाचा विचार आधी कोणी केला, हे कंसातल्या चुकीच्या वर्षामुळे उलटं दिसतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या एपीए पद्धतीत अशा वेळी ‘1917/1979’ अशी दोन्ही वर्षं द्यायला सांगितलं आहे. चार जादा आकडे, पण त्यांनी श्रेयाचा क्रम सरळ होतो. दलित विचारवंतांना समाजशास्त्राच्या वर्गात उशिरा प्रवेश मिळाला, असं म्हणणाऱ्यांनी निदान आपल्या संदर्भसूचीत तरी त्यांना उशिरा आणू नये.

न वाचता दिलेला संदर्भ हा याहून जुना रोग. मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधुरी यांनी 2003मध्ये भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचे इतरांनी दिलेले संदर्भ तपासले. सुमारे 4,300 पैकी 196 संदर्भांत छपाईच्या चुका होत्या, आणि त्यातली पृष्ठांकाची एकच चूक 78 वेळा सापडली. इतक्या जणांची बोटं एकाच ठिकाणी चुकणं शक्य नाही. त्यांनी एकमेकांच्या सूचीतून उतरवून घेतलं होतं. मूळ लेख उघडणारे पाचातला एखादाच, असा त्यांचा अंदाज. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ ऊले ब्यर्न रेकदाल यांनी 2014मध्ये पालकाची गोष्ट घेतली. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकात दहापट लोह असल्याचा समज पसरला, ही हकीकत कित्येक विद्वान लेखांत आहे. पण त्या दशांशचिन्हाच्या चुकीलाच पुरावा नाही. चूक दाखवणारी गोष्टच न तपासता हातोहात गेली.

समाजशास्त्रात अशी सांगोवांगी अधिक घातक ठरते, कारण तिथल्या आकड्यांवर धोरणं ठरतात. ‘जनगणना 2011’ एवढं लिहिणं म्हणजे काहीच न सांगणं. कोणता तक्ता, कोणता जिल्हा, ग्रामीण की शहरी, हे हवं. ‘शासन निर्णयानुसार’ या शब्दालाही अर्थ नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक निर्णयाला विभाग, क्रमांक, तारीख आणि वेगळा संकेतांक असतो. तो दिला की वाचक दोन मिनिटांत मूळ कागदापर्यंत पोचतो. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’तलं वाक्य घेताना नुसता पृष्ठांक देऊन भागत नाही, आवृत्तीही सांगावी लागते, कारण प्रत्येक आवृत्तीत पानं सरकतात. गावात मुलाखत देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर जरूर ठेवावं. पण मुलाखत कोणत्या वर्षी, कोणत्या तालुक्यात, कोणत्या भाषेत झाली, हे सांगायला काय हरकत आहे?

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. 2025मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारच्या रोजगार खात्यासाठी डेलॉइट या सल्लागार कंपनीने तिचा काही आधार घेऊन केलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ सापडले, न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं एक अवतरणही बनावट निघालं, आणि कंपनीला काही रक्कम परत करावी लागली. हे उघडकीला आणलं सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने. यादीतलं एक पुस्तक कधी लिहिलंच गेलं नाही, हे त्याला त्या विषयातल्या वाचनामुळे कळलं. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला असा संदर्भ खटकत नाही, कारण जे कुठेच नाही त्याचं साम्य कशाशी जुळणार?

विद्यापीठांना यावर उपाय करायचा असेल, तर नवं यंत्र विकत घेण्याची गरज नाही. पीएचडीच्या मौखिक परीक्षेत परीक्षकाने संदर्भसूचीतल्या कुठल्याही तीन नोंदींवर बोट ठेवावं आणि विद्यार्थ्याने ती पुस्तकं, ते लेख, तो शासन निर्णय समोर ठेवून सांगावं: लेखकाचं म्हणणं हे होतं, मी यातलं एवढं घेतलं आणि इथे मला ते पटलं नाही. त्यासाठी मार्गदर्शकानेही ती पुस्तकं वाचलेली असावी लागतील. अर्धा तास पुरेल. साम्याचा अहवाल प्रबंधाला जोडायचा तर जोडावा. पण पदवी द्यायची की नाही, हे या अर्ध्या तासावर ठरावं.