परस हाही उपचाराचाच भाग

मांजर घरात ठेवावे की बाहेर सोडावे, या प्रश्नाला अमेरिकेतील पशुवैद्यकांनी गेल्या काही दशकांत बहुतांशी एकच उत्तर दिले आहे, ते म्हणजे घरात. वाहने, उपनगरांत सर्रास वावरणारे कोयोट (लांडग्याच्या कुळातील मध्यम आकाराचे शिकारी प्राणी), रेबीज आणि भांडणातल्या चाव्यांतून पसरणारे विषाणू ही त्यामागची कारणे भक्कम आहेत. त्यांत पक्ष्यांचीही भर आहे: लॉस, विल आणि मारा यांच्या, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार मोकळी फिरणारी मांजरे त्या देशात वर्षाकाठी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात. यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, हा त्याच निबंधातला तपशील मात्र आकडा सांगणारे सोयीने गाळतात.

हा वाद नवा नाही. १९४७ साली मिशिगनमधील एडवर्ड लो यांनी राख आणि वाळूऐवजी ओल शोषणारी माती मांजरांच्या शौचासाठी विकायला काढली आणि बाराही महिने मांजर घरात ठेवणे सुसह्य झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, इलिनॉयच्या विधिमंडळाने पक्षिरक्षणासाठी मांजरांच्या भटकण्याला आळा घालणारे विधेयक संमत केले, तेव्हा गव्हर्नर ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी, भटकणे हा मांजराचा स्वभावच आहे असे म्हणत, ते नामंजूर केले.

स्वभाव दाराआड कोंडला तरी तो जात नाही, हे दवाखान्यात येणाऱ्या मांजरांवरून दिसते. लठ्ठपणा, अंगावरचे केस चाटून काढणे आणि विशेषतः इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे जंतुसंसर्ग किंवा खडा न सापडताही वारंवार उद्भवणारा मूत्राशयदाह, या तक्रारींचा परिसराशी असलेला संबंध ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी चिकाटीने मांडला. त्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात घरातच राहणाऱ्या ४६ मांजरांच्या मालकांना परिसरात बदल सुचवून १० महिने पाठपुरावा करण्यात आला, आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींबरोबर भित्रेपणाही घटल्याचे आढळले. तुलनेसाठी वेगळा गट नसल्याने हा पुरावा अंतिम मानता येत नाही. तरीही गोळ्या बदलण्याआधी घर पाहावे, इतके म्हणण्यास तो पुरेसा आहे.

परसाचा विचार येथे करावा लागतो. अमेरिकेत ‘कॅटिओ’ या नावाने रूढ झालेली रचना म्हणजे घराच्या खिडकीला किंवा मागच्या दाराला जोडलेला, वरूनही बंद असलेला जाळीचा पिंजरा, ज्यात मांजर स्वतःच्या मर्जीने जाते आणि परत येते. ओरेगनमधील पोर्टलंड शहरात बेवारस मांजरांसाठी काम करणारी ‘फेरल कॅट कोॲलिशन’ आणि तेथील ऑडुबॉन ही पक्षिसंस्था यांनी २०१३ पासून असे पिंजरे लोकांना हिंडून दाखवण्याचा उपक्रम चालवला. मांजरवाले आणि पक्षीवाले एका बाजूला बसल्याचे दृश्य तसे दुर्मीळच.

परंतु जाळी कुत्र्याला अडवते, गोचिडीला नाही, आणि सल्ला देणारे बरेचसे येथेच थांबतात. अमेरिकेच्या मध्य-दक्षिण राज्यांत बॉबकॅट या रानमांजराच्या रक्तातील सायटॉक्सझून हा परजीवी ‘लोन स्टार’ गोचिडीमार्फत पाळीव मांजरात येतो आणि अनेकदा थोड्याच दिवसांत जीव घेतो. म्हणून परस वापरणाऱ्या मांजराला गोचीडनाशक बारमाही हवे. मात्र कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकणे होय, कारण ते द्रव्य निकामी करून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरात तोकडी असते आणि झटके येऊन ते दगावू शकते. लिलीचे तर पानच नव्हे, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. ‘थोडेसेच खाल्ले’ या मालकाच्या शब्दावर न थांबता उपचार तात्काळ सुरू करावे लागतात. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या कडा उन्हाने वर्षानुवर्षे भाजत राहिल्यास तेथे त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, तेव्हा तपासणीच्या वेळी कानाच्या टोकावरची न भरणारी खपली बोटाने चाचपून पाहावी.

पट्टा बांधून परसात नेण्याबाबत संयम हवा. छातीभोवतीचा हार्नेस प्रथम घातला की मांजर बहुधा पोट जमिनीला टेकवून एका कुशीवर कलंडते. हा हट्ट नसून भीती असते, आणि ती दार उघडण्यापूर्वी, घरातच, खाऊच्या आधाराने मोडावी लागते. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधणे मात्र सर्वथा अयोग्य.

मुंबई-पुण्यात परस उरला आहे तो थोड्यांकडेच. तेथे त्याची जागा बाल्कनी घेते. उंचावरून पडणाऱ्या मांजरांचा परिचित अभ्यास न्यूयॉर्कचा आहे: १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींतील १३२ मांजरांपैकी उपचार मिळालेली सुमारे ९० टक्के वाचली. जागीच मेलेली मांजरे दवाखान्यात आणली जात नाहीत, ही गोष्ट या टक्केवारीने हुरळणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कबुतराला पुरते. नखे रुतवून वर चढणाऱ्या मांजराचे वजन ती पेलेलच असे नाही, आणि उन्हाने ठिसूळ झालेले दोरे खालच्या कोपऱ्यात आधी सुटतात.

केसपेपरवर लसीकरण आणि आहार यांच्याबरोबर परसाचा किंवा बाल्कनीचा एक रकाना असावा: मांजर किती वेळ बाहेर असते, जाळी कशाची, कुंड्यांत काय लावले आहे, सावली आणि पाणी आहे का, मायक्रोचिप बसवली आहे का. काही मांजरे, विशेषतः वृद्ध आणि बुजरी, उंबऱ्याशी येऊन माघारी वळतात. त्यांच्यासाठी खिडकीजवळची उंच फळी पुरेशी समजावी आणि मालकाच्या हौसेखातर त्यांना बाहेर ढकलण्याचा सल्ला देऊ नये.