मडगार्डचा खटला

मडगार्ड ते काय, पण अमेरिकेत ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले! इलिनॉय राज्याने मालट्रकांना चाकाच्या गोलाईप्रमाणे वळवलेले मडगार्ड सक्तीचे केले. तिकडे आर्कान्सा राज्याला सरळच हवे! मग हद्दीवर ट्रक थांबवून दोन-चार तास मडगार्ड बदलत बसायचे की काय?

मागच्या गाडीवर खडे-चिखल उडू नयेत, हा इलिनॉयचा हेतू. रस्त्यावरची सुरक्षितता राज्यांनी पाहावी, हे कोर्टालाही मान्य. पण वळणदार मडगार्डमुळे चाकाभोवती उष्णता साठून ब्रेक मंदावतात, असे पुराव्यात निघाले. शिवाय आंतरराज्य व्यापार घटनेने मध्यवर्ती काँग्रेसच्या हाती दिलेला. १९५९ साली न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल दिला : व्यापारावर हा बोजा फार, सक्ती रद्द!

अंगण ज्याचे त्याचे खरे. पण वाट सर्वांची, हे विसरून कसे चालेल?