कोयत्याचे पाणी आणि लोहाराचे तेल

ऊसतोडीच्या ऐन हंगामात कोयत्याची धार तुटली, की दोष लोहाराच्या हाताला दिला जातो. त्याच्या डब्यात कोणते तेल आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

धार कठीण करण्याच्या क्रियेस लोहारकामात ‘पाणी देणे’ म्हणतात. शब्द पाण्याचा असला, तरी प्रत्येक पोलादाला पाणी मानवत नाही. खेड्यांत पुष्कळ कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडविले जातात. या पोलादात साधारणपणे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असून सिलिकॉन, मँगॅनीज किंवा क्रोमियम यांचाही अंश असतो. ते तेलात सावकाश निवूनही पुरेसे कठीण होते. पाण्यात ते इतक्या झपाट्याने निवते, की पात्याला पीळ पडतो किंवा केसासारखी बारीक चीर जाते. ती चीर भट्टीपाशी दिसत नाही; उसाच्या फडात दिसते. साध्या मऊ लोखंडाला मात्र कोणतेही तेल कठीण करू शकत नाही. म्हणून प्रथम लोखंडाची पारख हवी.

तेल म्हणून बहुधा मोटारीचे जळके ऑइल वापरले जाते, कारण ते फुकट मिळते. परंतु त्यात इंजिनातील काजळी, झिजलेल्या धातूंचे कण व कधी पेट्रोल किंवा डिझेलही मिसळलेले असते. त्यामुळे त्याचा गुण एकसारखा राहत नाही, ते लवकर पेट घेऊ शकते, आणि त्याचा विषारी धूर लोहाराच्या छातीत जातो. हे तेल फुकट नव्हे. त्याची किंमत फक्त लोहार एकटा भरतो.

त्यापेक्षा स्वच्छ शेंगदाणा तेल निश्चितपणे श्रेयस्कर होय. करडईचे तेलही चालते. मात्र ते वाळणाऱ्या तेलांपैकी असल्याने लवकर चिकट होते. तेल ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून घ्यावे. कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवती मोकळे खेळते, म्हणून थंड दाट तेलापेक्षा ते उष्णता लवकर ओढून घेते. एका कोयत्यासाठी ५-६ लिटर तेल उभट लोखंडी डब्यात असावे. त्यात पाण्याचा थेंबही नसावा. तो एकदम वाफ होऊन उकळते तेल अंगावर उडवितो. भडका उडाल्यास पाणी न ओतता झाकण घालावे. कठीण झालेले पाते घासून उजळावे व धार पिवळसर तपकिरी दिसेपर्यंत पुन्हा मंद तापवावे; नाहीतर उत्तम तेलात बुडविलेली धारही काचेसारखी तुटते.

हे तेल गाळून, झाकून ठेवले तर पुनःपुन्हा उपयोगी पडते. दाट झाले म्हणजे बदलावे. तरीही पहिला डबा भरण्याचा खर्च एकट्या लोहारावर टाकणे न्याय्य नाही. बलुत्याची प्रथा मागे पडली, परंतु लोहाराची गरज मागे पडलेली नाही. हंगामापूर्वी दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून तेलाचा डबा भरून द्यावा आणि ग्रामकार्यकर्त्यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. बियाण्याची व खताची काळजी वाहणाऱ्या शेतकऱ्याने पीक कापणाऱ्या धारेची, आणि ती घडविणाऱ्या माणसाचीही, तितकीच काळजी वाहिली पाहिजे.