सीलबंद खेळण्याचे मोल

२००८ साली डेन्मार्कच्या लेगो कंपनीने ताजमहालाची प्लास्टिकची प्रतिकृती विक्रीस आणली. ५,९२२ तुकडे जोडून उभी राहणारी ही वास्तू त्या वेळी कंपनीच्या इतिहासातील सर्वाधिक तुकड्यांचा संच ठरली. अमेरिकेतील तिची छापील किंमत होती तीनशे डॉलर्सला एक सेंट कमी. पुढे काही वर्षांत उत्पादन थांबले आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या खोक्याचे झाकण कोणी उघडलेच नव्हते, त्याचा भाव वर्षागणिक चढत गेला. मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे मोजून लोक ते विकत घेऊ लागले. ज्यांनी ताजमहाल बांधला, त्यांच्या हाती असलेल्या वस्तूचे मोल त्या मानाने कमी. ज्यांनी तो न बांधता कपाटात ठेवला, ते शहाणे ठरले! हे शहाणपण २०१७च्या नोव्हेंबरपर्यंत टिकले. त्या महिन्यात कंपनीने तोच ताजमहाल, एक तुकडा अधिक घालून, ३७० डॉलर्सच्या आत पुन्हा विक्रीस ठेवला. नव्या खोक्याचा भाव समोर दिसू लागल्यावर जुन्या खोक्यासाठी कित्येक पट पैसे कोण मोजणार? कपाटातल्या ठेवीचा भाव गडगडला.

या प्रसंगावर हसणे सोपे आहे. परंतु त्यातून उपस्थित होणारा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खेळणे ही वस्तू नेमकी कशासाठी असते? आणि ती संगणकावरून, सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाकडून विकत घेणाऱ्याने कशाचे पैसे मोजायचे असतात? खेळाचे, की न खेळण्याचे?

या कंपनीचा उगमच मुळी साधा आहे. बिलुंड नावाच्या खेड्यातील ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली, जागतिक मंदीच्या काळात घरबांधणीची कामे मिळेनाशी झाल्यावर, लाकडी खेळणी करण्यास सुरुवात केली. ‘चांगले खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जुळवून १९३४ साली ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले. प्लास्टिकच्या एकमेकींत अडकणाऱ्या विटांची कल्पना मात्र मूळची ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांची. लेगोने ती उचलली, सुधारली, आणि आतील पोकळ नळ्यांमुळे घट्ट बसणाऱ्या विटेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. सहा-सात दशके जुना तुकडा कालच्या तुकड्याशी जुळावा, हे यंत्रयुगातील वस्तूंबाबत क्वचितच घडते. जुन्या खेळण्यांचा एवढा मोठा बाजार उभा राहू शकला, तो या एका गुणामुळे.

या बाजाराचे नाव ब्रिकलिंक. डॅनियल जेझेक नावाच्या तरुणाने २००० साली तो एकट्याच्या बळावर सुरू केला. त्या वेळचे नाव होते ब्रिकबे. दोन वर्षांनी ते बदलून ब्रिकलिंक झाले. वरवर पाहता हे एक विक्रीचे संकेतस्थळ. वस्तुतः त्याचा आत्मा आहे त्याची सूची. लेगोचा प्रत्येक संच, त्यातील प्रत्येक तुकडा, तो तुकडा कोणकोणत्या रंगांत निघाला आणि कोणकोणत्या संचांत वापरला गेला, याची क्रमांकवार नोंद तेथे आहे. ही नोंद पगारी नोकरांनी केलेली नाही. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी आपापली खोकी उघडून, तुकडे मोजून, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवून ती वर्षानुवर्षे रचत नेली. एखाद्या ग्रंथालयाची सूची निष्ठेने तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांचीच ही जात. फक्त येथे ग्रंथांच्या जागी बोटाच्या पेराएवढे तुकडे आहेत.

या सूचीचा खरा लाभ विकत घेणाऱ्याला होतो. मागील सहा महिन्यांत अमुक संच प्रत्यक्षात किती रुपयांना, अर्थात डॉलर्सना वा युरोंना विकला गेला, याचा तपशील तेथे उघड मांडलेला असतो. विक्रेत्याने सांगितलेली किंमत आणि व्यवहारात मिळालेली किंमत यांतील अंतर ग्राहकाला दिसते. आपल्याकडील कोणत्याही जुन्या बाजारात अशी सोय असती, तर निम्म्या दुकानदारांचे तोंड बंद झाले असते! संच सीलबंद आहे, वापरलेला पण पूर्ण आहे, की त्यात तुकडे कमी आहेत, हे विक्रेत्याला नमूद करावे लागते. पूर्वीच्या ग्राहकांनी दिलेले अभिप्राय समोर असतात.

तरीही सावधपणाला पर्याय नाही. ‘पूर्ण’ या शब्दात माहितीपुस्तिका आणि खोके यांचा समावेश आहे की नाही, हे विचारून घ्यावे लागते. २००४च्या सुमारास कंपनीने आपल्या करड्या रंगाची छटा बदलली. त्यामुळे त्याआधीच्या किल्ल्यात नवा करडा तुकडा घातला, तर भिंतीला ठिगळ लावल्यासारखे दिसते. उन्हात राहिलेले पांढरे तुकडे पिवळे पडतात. विशिष्ट काळातील तपकिरी तुकडे ठिसूळ निघतात आणि जोडताना तडकतात. पांढऱ्या तुकड्यांनी भरलेला ताजमहाल वापरलेल्या अवस्थेत घ्यायचा, तर विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडातील छायाचित्र मागवणे इष्ट. (आग्ऱ्याच्या संगमरवराच्या पिवळेपणाची चिंता सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली करावी लागली होती, प्रतिकृतीनेही तेवढ्यापुरते मुळाशी इमान राखले म्हणायचे.) शिवाय प्रत्येक दुकानदाराचे टपालखर्चाचे आणि किमान खरेदीचे नियम निराळे. चाळीस तुकडे हवे असतील आणि ते पाच दुकानांत विखुरलेले असतील, तर तुकड्यांपेक्षा टपालाचाच खर्च अधिक होतो. वर ज्या त्या देशाचे सीमाशुल्क आहेच.

एवढे सोसूनही या बाजाराचे समर्थन करावेसे वाटते ते एका कारणासाठी. येथे सुटा तुकडा मिळतो. धाकट्या भावंडाने हरवलेले चाक, तुटलेली बिजागरी, घर बदलताना गहाळ झालेली खिडकी एवढे आणि एवढेच विकत घेता येते, तेही बहुधा काही सेंटांत. म्हणजे एका हरवलेल्या तुकड्यापायी अख्खे खेळणे कचऱ्यात जात नाही. फाटलेले शिवून वापरणाऱ्या, भांड्याला कल्हई लावणाऱ्या समाजाला या गोष्टीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुर्दैवाने, ज्या सूचीमुळे मोडलेले खेळणे पुन्हा उभे राहते, तीच सूची सट्टेबाजालाही उपयोगी पडते. सहा महिन्यांचे भाव पाहून कोणता संच दाबून ठेवावा, याचे गणित मांडता येते. २०२१ साली मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील दोन संशोधिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ सीलबंद संचांच्या किमती तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की, बंद झालेल्या संचांवर सरासरी वार्षिक परतावा किमान ११ टक्के मिळतो. वृत्तपत्रांनी ‘सोन्याहून लेगो बरे’ अशा थाटात त्याचे मथळे केले. त्याच अभ्यासात काही संचांच्या किमती निम्म्यावर आल्याचेही नोंदले आहे. ते मथळ्यात कशाला येईल? खोकी ठेवायला लागणारी जागा, ओल, विक्रीचा खर्च आणि वर्षानुवर्षे थांबण्याचा संयम यांचा हिशेब मथळ्यात मावत नसतो. शिवाय या सट्ट्यातील सर्वांत मोठा खेळाडू खुद्द कंपनीच आहे. २००७ साली ५,१९५ तुकड्यांचे ‘मिलेनियम फाल्कन’ हे अवकाशयान निघाले, त्याचा भावही बंद झाल्यावर असाच चढला होता. २०१७ साली ७,५४१ तुकड्यांचे नवे फाल्कन आले आणि जुन्याचा तोरा उतरला. जो साचा बनवतो, तो केव्हाही पुन्हा छापू शकतो. अशा मालाला ठेव म्हणणे धाडसाचे आहे.

चढ्या भावाच्या मागोमाग नकलाही आल्याच. चीनमधील ‘लेपिन’ या कारखान्याने लेगोचे संच जसेच्या तसे, खोक्यावरील चित्रांसह उचलले. शांघाय पोलिसांनी २०१९ साली त्यावर छापा घातला आणि २०२० साली त्याच्या सूत्रधाराला सहा वर्षांचा कारावास झाला. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विटेचा आकार आता कोणाच्याही मालकीचा नाही. पेटंटची मुदत कधीच संपली, आणि विटेच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगण्याचा लेगोचा दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली व युरोपीय न्यायालयाने २०१० साली फेटाळला. तशी वीट कोणीही बनवावी. दुसऱ्याची रचना चोरून ती आपली म्हणून विकणे हा मात्र गुन्हा आहे.

ब्रिकलिंकची पुढील कथा काहीशी उदास आहे. जेझेकचे २०१० साली अकाली निधन झाले. २०१३ साली दक्षिण कोरियातील नेक्सॉन या संगणकीय खेळांच्या कंपनीचे संस्थापक किम जंग-जू यांनी हा बाजार विकत घेतला, आणि नोव्हेंबर २०१९मध्ये तो लेगो कंपनीने आपल्याकडे घेतल्याचे जाहीर झाले. तेव्हा त्याचे दहा लाखांहून अधिक सदस्य होते आणि सत्तर देशांत मिळून सुमारे दहा हजार दुकाने. हौशी माणसांनी फुकट श्रम करून रचलेली सूची, तिच्यावर उभा राहिलेला जुन्या मालाचा बाजार, आणि त्याचा मालक नव्या मालाचा उत्पादक! कोणता संच किती भावाला जातो, कशाची टंचाई आहे, हे कंपनीला आता घरबसल्या दिसते. तिने या अधिकाराचा गैरवापर केला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु वजनकाटा आणि माल एकाच हाती असू नये, हे तत्त्व आठवडी बाजाराला लागू असेल तर संगणकावरील बाजाराला का नसावे? निदान ती सूची तरी, ज्यांनी ती घडवली त्या समुदायाच्या विश्वस्त संस्थेकडे राहायला हवी होती.

भारतापुरता विचार करता, खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले. स्वस्त व घातक चिनी मालाला आळा बसला, हे योग्यच झाले. मात्र शुल्काच्या भिंतीआड कारखाना उभा राहतो, कसब आपोआप उभे राहत नाही. लेगोच्या साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शतांशाहूनही सूक्ष्म असते. म्हणूनच १९५८ची वीट आजही बसते. पुणे, कोल्हापूर, राजकोट येथे साचे घडवणारे कुशल कारागीर आहेत, आणि विटेच्या आकारावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. रायगडचा नगारखाना किंवा वेरूळचे कैलास लेणे तुकड्यातुकड्यांनी उभारता येईल असा संच येथे निघाला, तर दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांच्या हातांना ते काम परके वाटणार नाही. मात्र असा संच विकत घेताना पालकांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारून पाहावा : यातला एखादा तुकडा उद्या हरवला, तर तेवढाच सुटा मागवण्याची सोय कारखान्याने ठेवली आहे काय?