प्रतीक्षायादी आणि इसारा

अमेरिकेतील फिलिप्स अँडोव्हर (स्थापना १७७८) व फिलिप्स एक्झिटर (१७८१) यांसारख्या निवासी शाळा प्रवेशाचा निर्णय १० मार्चला कळवितात. स्वीकृती १० एप्रिलपर्यंत द्यावी लागते. या एका महिन्यात पालकांची खरी परीक्षा होते.

होकार किंवा नकार आल्यास पुढचा मार्ग स्पष्ट असतो. अवघड असते ती प्रतीक्षायादी. ती रेल्वेच्या आरक्षणाप्रमाणे क्रमाने सरकत नाही. कोणत्या इयत्तेत, मुलांच्या की मुलींच्या वसतिगृहात जागा रिकामी झाली, यावर निवड अवलंबून असते. म्हणून ‘आपला क्रमांक कितवा?’ हा प्रश्न बहुधा निरुत्तर राहतो. इच्छा कायम असल्याचे संयत पत्र, नव्या गुणपत्रकासह, अवश्य पाठवावे. मात्र ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावे.

दरम्यान ज्या शाळेने होकार दिला, तेथील जागा मुदतीत निश्चित करावी. पुढे प्रतीक्षेतील जागा मिळालीच, तर भरलेली अनामत सहसा परत मिळत नाही. सौदा मोडणाऱ्याचा इसारा बुडतो, हा पेढीवरचा नियम येथेही लागू आहे. कोणत्या तारखेनंतर संपूर्ण वर्षाचे शुल्क देय होते, ते करारावर सही करण्यापूर्वी वाचावे. कंदमूळविरहित भोजनाची चौकशीही तेव्हाच करावी.

सर्वांत नाजूक हिशेब घरातला असतो. चुलतभावाला होकार आणि आपल्याला प्रतीक्षा, हे १४ वर्षांच्या मनाला लागते. जागेअभावी थांबविलेला विद्यार्थी अपात्र ठरत नाही. हे वडिलांनी प्रथम स्वतः मान्य करावे. मगच मुलाला सांगावे.