फ्रिज चालू आहे, पण गार आहे का?

उन्हाळा लागला की सरकारी रुग्णालयांत उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढतात. बाहेरच्या जेवणाचा संशय आला, की बोट जाते आचाऱ्याच्या हातांकडे किंवा पिण्याच्या पाण्याकडे. ते रास्तच, पण खानावळीतल्या फ्रिजच्या दाराकडे फारसे कोणी पाहत नाही.

दाराभोवतीचे रबर, म्हणजे गॅस्केट, दिवसभराच्या उघडझापीने कडक होते, चिरते. फटीतून गरम हवा आत शिरते. दिवा लागतो, मोटारही चालते. पण आतले तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अनेक जंतू वाढतात. त्यांपैकी स्टॅफिलोकॉकसने अन्नात एकदा सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘पुन्हा गरम करूनच वाढले होते’ हा खुलासा पुरेसा ठरत नाही.

तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ती ओढा. सहज निसटली, तर रबर बदला. चारही बाजू पाहा. आत थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा तापमान लिहा. कंडेन्सरच्या जाळीवरची धूळ नियमित काढा.

अन्न परवान्याच्या २०११ च्या नियमावलीत उपकरणांची देखभाल अपेक्षित आहे. तरीही बहुतेक ठिकाणी दुरुस्तीवाल्याला बोलावतात ते यंत्र बंद पडल्यावरच. निरीक्षकांनी परवान्याच्या कागदाबरोबर तापमानाची वहीही मागावी. वसतिगृहाच्या मेसमध्ये मुले जेवत असतील, तर पालकांनीही ती मागायला संकोचू नये. रबराचा खर्च मालकाचा असतो. तो टाळल्याचा भुर्दंड मात्र जेवणाऱ्याला पडतो.